हार आणि गुच्छ

फूल देणे ही माणसाची फार जुनी रीत आहे. फूल पाठविणे ही मात्र त्या मानाने अलीकडची. देणारा मनुष्य घेणाऱ्याच्या समोर उभा असतो, पाठविणारा दूर असतो, आणि त्या दोघांच्या मध्ये एक तिसरा मनुष्य येतो, तो म्हणजे फुलवाला. पुण्यात नोकरी करणारा मुलगा दुर्ग-भिलाई या जुळ्या शहरांतील मोहन नगरात राहणाऱ्या आईला तिच्या वाढदिवशी फुले पाठवितो, तेव्हा पुण्यातले एकही फूल आगगाडीत बसत नाही. त्याचा निरोप आणि त्याचे पैसे तेवढे जातात. फुले तिकडच्याच दुकानातून निघतात आणि तिकडच्याच मनुष्याच्या हाताने आईच्या दारी पोचतात. हा व्यवहार आज इतका अंगवळणी पडला आहे की, त्यात काही नवल आहे असे कोणास वाटत नाही. परंतु ज्या समाजात फुलांचा वापर इतका प्राचीन आणि इतका सार्वत्रिक, त्या समाजात फुले पाठविण्याची पद्धत एवढ्या उशिरा का रुजली, आणि रुजली ती हाराच्या रूपाने न रुजता गुच्छाच्या रूपाने का रुजली, या प्रश्नाचा विचार केला असता महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचे एक लहानसे पण बोलके प्रकरण उलगडते.

प्राचीन भारतात फुले गुंफणे ही एक मान्यता पावलेली कला होती. वात्स्यायनाने कामसूत्रात ज्या चौसष्ट कला सांगितल्या, त्यांत माळा गुंफण्याचे प्रकार, मस्तकावर धारण करावयाच्या पुष्परचना आणि फुलांची शय्या रचणे यांचा स्वतंत्र निर्देश आहे. ही कला ज्याची उपजीविका, तो मालाकार. भागवताच्या दशम स्कंधात मथुरेच्या सुदामा नावाच्या माळ्याची कथा आली आहे. कृष्ण आणि बलराम मथुरेत शिरले तेव्हा ते या माळ्याच्या घरी गेले आणि त्याने स्वहस्ते गुंफलेल्या माळा त्यांना अर्पण केल्या. महाराष्ट्रात तेराव्या शतकात सोलापूर जिल्ह्यातील अरण येथे सावता माळी होऊन गेले. पंढरपूरची वारी न करता आपल्या मळ्यातच त्यांनी विठ्ठल पाहिला, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. या सर्व परंपरेत एक गोष्ट समान आहे. फूल ज्याला वाहावयाचे, तो देव असो की पाहुणा, अर्पण करणारा त्याच्या सन्निध असतो.

हाराचे स्वरूपच असे आहे. हार गळ्यात घालावा लागतो. त्यासाठी घालणाऱ्याला पुढे व्हावे लागते आणि घेणाऱ्याला किंचित मान लववावी लागते. या क्षणी दोघांमधील नाते सर्वांसमक्ष प्रकट होते. वरमाला वधूनेच घालावयाची, दुसऱ्या कोणी घालून चालत नाही. वेणी आणि गजरा यांची मर्यादा तर याहून कडक. पतीने पत्नीसाठी गजरा आणावा, सासूने सुनेच्या केसांत वेणी माळावी, हळदीकुंकवाला आलेल्या सुवासिनीला यजमानीण बाईने फूल द्यावे. यात कोणी कोणाला काय द्यावे, हे नात्याने ठरून गेलेले असते. परक्या मनुष्याने आणून दिलेला गजरा स्त्रीने माळावा, ही कल्पनाच जुन्या घरांत सहन झाली नसती. हार, वेणी आणि गजरा ही सारी अंगावर धारण करावयाची फुले. अंगाचा स्पर्श जेथे आला, तेथे दूताच्या हाताने काम भागत नाही.

दरबारी शिष्टाचारातही हेच दिसते. पेशवाईच्या काळात आणि नंतर संस्थानी दरबारांत निरोपाच्या वेळी अत्तर, गुलाब, विडा आणि हार-तुरे देण्याची पद्धत होती. मान कोणाचा किती मोठा, हे तो कोणाच्या हाताने मिळतो यावरून ठरे. ‘तुरा’ हा शब्द फारसीच्या मार्गाने आपल्याकडे आला आणि हाराशी असा जोडला गेला की, आजही सत्काराला ‘हारतुरे’ हाच जोडशब्द मराठीत रूढ आहे. गुलाब या शब्दाचा मूळ अर्थही फूल असा नसून फुलाचे पाणी असा आहे. गुलाबदाणीतून शिंपडले जाई ते हेच.

या दरबारी फुलांमागे ज्यांचे हात राबत होते, त्यांची नावे इतिहासात क्वचितच उरली. एका घराण्याचे नाव मात्र उरले, आणि तेही अशा कारणाने की महाराष्ट्राने त्याचा अभिमान बाळगावा. सातारा जिल्ह्यातील कटगुण हे ज्यांचे मूळ गाव, अशा गोऱ्हे आडनावाच्या माळी कुटुंबातील बंधू पुण्यास येऊन फुलांचा व्यवसाय करू लागले. अखेरच्या पेशव्यांच्या काळात हे बंधू दरबाराला फुले पुरवीत. फुलांच्या गाद्या, फुलांचे पोशाख, फुलांच्या सजावटी करण्यात त्यांचा हातखंडा होता. त्यांच्या कौशल्यावर प्रसन्न होऊन पेशव्यांनी त्यांना पस्तीस एकर जमीन इनाम दिली, असे चरित्रकार सांगतात. धंद्यावरून लोक त्यांना फुले म्हणू लागले आणि गोऱ्हे हे आडनाव मागे पडले. याच घराण्यात १८२७ साली जोतीराव फुले यांचा जन्म झाला. मुलींच्या शिक्षणाचा पाया ज्यांनी १८४८ साली पुण्यात घातला, त्या जोतीरावांचे आडनाव म्हणजे एका पुष्पकाराच्या कसबाची पावती होय. त्यांच्या सहधर्मचारिणी सावित्रीबाई यांनी १८५४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या कवितासंग्रहास ‘काव्यफुले’ हे नाव दिले, आणि त्यात जाई, चाफा, गुलाब यांच्यावर कविता आहेत, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

दरबाराबाहेर, सामान्य गृहस्थाच्या दारी, फुलांची एक निराळी व्यवस्था नांदत होती. ती म्हणजे फुलपुडी. पहाटे फुलवाला किंवा गुरव येई आणि पानात बांधलेली देवपूजेची फुले दाराच्या कडीला अडकवून जाई. दुधाप्रमाणे फुलांचाही रतीब असे आणि हिशेब महिन्याच्या अखेरीस होई. कोणत्या घरी तांबडी फुले लागतात, कोणाकडे बेल आणि कोणाकडे दूर्वा, हे फुलवाल्याला न सांगता ठाऊक असे. घरपोच फुलांची ही पद्धत आपल्याकडे कित्येक पिढ्या चालत आली. तेव्हा फुले दारी पोचविण्याचे तंत्र आपणांस नवे नव्हते. एका गावातून दुसऱ्या गावातील मनुष्याला ती भेट म्हणून पोचविण्याची कल्पना मात्र नव्हती.

इंग्रजी अमलात फुलांच्या जगात दोन बदल झाले. पहिला बदल बागांचा. पश्चिम हिंदुस्थानची कृषी-उद्यान संस्था १८३० साली स्थापन झाली. पुण्याचे एम्प्रेस गार्डन तिच्या देखरेखीखाली वाढले आणि मुंबईच्या भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली लोकांना खुली झाली. ताटवे, कुंड्या, पुष्पप्रदर्शने आणि फुलदाणीत सजविलेली लांब देठांची फुले ही नवी अभिरुची या बागांतून पसरली. देठासह फूल तोडणे, ही आपल्याकडील नित्याची रीत नव्हती. देवाला वाहावयाच्या फुलाला देठाची गरज नाही आणि हार गुंफताना देठ असलाच तर आखूड लागतो. गुच्छाला मात्र देठच प्रथम पाहिजे. ‘बुके’ हा फ्रेंच शब्द इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ झाडांचा लहानसा समूह असा आहे. फारसीतील ‘गुलदस्ता’ म्हणजे मूठभर फुले. संस्कृतातून घडविलेला ‘पुष्पगुच्छ’ निमंत्रणपत्रिकांत आणि सभावृत्तांतांत स्थिरावला.

दुसरा बदल मंडयांचा. मुंबईची क्रॉफर्ड मार्केट १८६९ साली बांधून झाली आणि पुण्याची रे मार्केट १८८६ साली सुरू झाली. फुलांचा व्यापार आता राजाश्रयावर अवलंबून न राहता बाजारावर अवलंबून राहू लागला. पुण्याच्या मंडईवर एवढा पैसा खर्च करण्यास जोतीराव फुले यांनी नगरपालिकेचे सदस्य या नात्याने विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. १८८० साली लॉर्ड लिटन यांच्या पुणेभेटीच्या वेळी स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याच्या ठरावाविरुद्ध मत देणारेही ते एकटेच होते. पुढे मुंबई आणि पुणे येथील या दोन्ही मंडयांना महात्मा फुले यांचेच नाव देण्यात आले. फुलांच्या धंद्यावरून आडनाव मिळालेल्या कुळातील पुरुषाचे नाव दोन महानगरांच्या मंडयांना लाभावे, हा योगायोग खरा. परंतु समारंभी खर्चाविषयी त्याने विचारलेला प्रश्न विसरून चालणार नाही. त्याकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

फुलांच्या जातींकडे पाहिले तरी देशी आणि परदेशी यांची सीमारेषा किती पुसट आहे, हे ध्यानात येते. दसऱ्याचे तोरण ज्यावाचून पुरे होत नाही तो झेंडू आणि लग्नमंडपात दरवळणारा निशिगंध ही दोन्ही मूळची मेक्सिकोकडील फुले. शेवंती चीनमधून आली. आज गुच्छात हटकून दिसणारा जरबेरा दक्षिण आफ्रिकेतला. जे झेंडूचे झाले, तेच कदाचित काही पिढ्यांनी जरबेऱ्याचे होईल.

आता फुले ‘पाठविण्या’च्या शोधाकडे वळू. हा शोध पाश्चात्त्य देशांत लागला आणि त्याची जननी तारयंत्र ही होय. फूल नाशवंत असल्यामुळे दूरच्या गावी पोचेपर्यंत कोमेजते. शब्द मात्र तारेवरून क्षणात जातो. तेव्हा फूल न पाठविता मागणीच पाठवावी आणि ती मागणी तिकडच्या फुलवाल्याने पुरी करावी, अशी ही साधी युक्ती. १९०८ साली बर्लिनचे फुलविक्रेते माक्स ह्यूब्नर यांनी जर्मनीत अशा देवघेवीची संघटना उभारली. ‘फ्लोरॉप’ ती हीच. १९१० साली अमेरिकेतील पंधरा फुलविक्रेत्यांनी एकत्र येऊन तारेने पुष्पमागणी पोचविणारी संस्था काढली आणि देवांचा पंखधारी दूत मर्क्युरी याला आपले बोधचिन्ह केले. ब्रिटनमध्ये १९२० नंतरच्या दशकात तिची शाखा निघाली आणि १९४६ साली या तिन्ही प्रवाहांच्या संगमातून ‘इंटरफ्लोरा’ ही जागतिक व्यवस्था जन्मास आली.

या योजनेचे खरे भांडवल फुले नसून विश्वास हे होते. ज्या फुलवाल्याने मागणी घेतली, तो दूरच्या फुलवाल्याला ओळखत नसे. पैसे देणारे गिऱ्हाईक फुले पाहत नसे, आणि फुले पाहणाऱ्याला त्यांची किंमत ठाऊक नसे. अशा स्थितीत तिकडच्या दुकानदाराने शिळी किंवा उणी फुले दिली, तर ती चोरी सहसा उघडकीस येणार नाही. म्हणूनच या संघटनांनी सभासदत्वाचे नियम आणि परस्परांचे हिशेब मिटविण्याची पद्धत यांवर भर दिला. एका व्यापाऱ्याने दुसऱ्याची हुंडी मानावी, तसा हा प्रकार होता. आपल्याकडील सावकारी पेढ्यांना तो मुळीच अपरिचित वाटला नसता.

मग भारतात ही रीत लवकर का आली नाही? तार १८५५ पासून लोकांना उपलब्ध होती, मनीऑर्डर १८८० पासून होती. शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांना क्रमांक दिलेले होते. क्रमांक सांगितला की नववधूवरांना आशीर्वाद पोचत असे. म्हणजे आशीर्वाद पाठविता येत होता, आहेर पाठविता येत होता. फूल मात्र पाठविले जात नव्हते. याचे एक कारण आर्थिक आहे. लांब देठांच्या फुलांची बारमाही लागवड आणि ती ताजी राखणारी शीतव्यवस्था लहान शहरांत नव्हती. दुसरे कारण अधिक खोल आहे. आपली पुष्पभेट हाराची होती, आणि हार घालण्यासाठी स्वतः जावे लागते. गुच्छ मात्र हातात द्यावयाचा असतो. तो गळ्याला स्पर्श करीत नाही, केसांत जात नाही, नात्याची मर्यादा ओलांडीत नाही. अनोळखी मुलाने तो दारात आणून दिला, तरी कोणी संकोचत नाही. समाजजीवनात गुच्छ रूढ झाल्यावरच फूल पाठविणे शक्य झाले. सार्वजनिक सत्कारात हाराच्या शेजारी किंवा हाराच्या जागी शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ ही त्रयी आली, ती या स्थित्यंतराची खूण होय.

आर्थिक अडसर विसाव्या शतकाच्या अखेरीस दूर झाला. १९८८ चे नवे बियाणे-धोरण आणि १९९१ नंतरचे उदारीकरण यांमुळे परदेशी वाणांची कलमे आणि हरितगृहांचे तंत्र भारतात आले. मावळ तालुक्यात तळेगाव येथे औद्योगिक विकास महामंडळाने पुष्पोत्पादनासाठी स्वतंत्र क्षेत्र राखले, आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यासाठी मावळचा गुलाब परदेशी जाऊ लागला. पुण्याच्या गुलटेकडी बाजारातील भाव पाहिले, तरी फुलांच्या दोन सृष्टी शेजारी नांदताना दिसतात. झेंडू, शेवंती, सुटी गुलछडी यांचा भाव किलोवर. गुलाबाचा गड्डीवर, डच गुलाबाचा वीस नगांवर. जे वजनावर विकले जाते ते हाराचे फूल, जे नगावर विकले जाते ते गुच्छाचे. मुंबईत दादरच्या फूलबाजारातही पहाटे हाच देखावा दिसतो; वसईकडील चाफा आणि हरितगृहातील जरबेरा एकाच छपराखाली येतात. दिल्लीत १९९४ साली सुरू झालेल्या ‘फर्न्स एन पेटल्स’सारख्या व्यवसायांनी गावोगावच्या दुकानांना एका सूत्रात गोवले. तारेची जागा दूरध्वनीने आणि पुढे संगणकाने घेतली. भारतातील तारसेवा तर जुलै २०१३ मध्ये कायमची थांबली.

या व्यवस्थेचे महत्त्व भिलाईसारख्या नगरीत विशेष जाणवते. छत्तीसगडचा आणि मराठी मनुष्याचा संबंध जुना आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरकर भोसल्यांची सत्ता तेथे पोचली आणि बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून तीन दशके कारभार पाहिला. १८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले; तरी मध्यप्रांताची राजधानी नागपूर असल्यामुळे दुर्ग आणि रायपूर या भागांचा नागपूरशी राबता १९५६ पर्यंत अखंड राहिला. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पोलादाच्या या कारखान्यासाठी देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे आली. सोव्हिएत तंत्रज्ञही आले. त्यांच्या देशात पुष्पभेटीचा एक काटेकोर नियम आहे: आनंदाच्या प्रसंगी विषम संख्येची फुले द्यावयाची, सम संख्येची फुले मृताला वाहावयाची. आपल्याकडे दक्षिणेत एक रुपया अधिक घालून विषम आकडा करतात, त्याचीच ही आठवण देते. त्या मैत्रीचे स्मारक म्हणून भिलाईत उभारलेल्या मैत्रीबागेत पुष्पप्रदर्शन भरत आले आहे.

जी वसाहत देशोदेशीच्या माणसांनी वसविली, तिच्यातून पुढची पिढी पुन्हा देशोदेशी पांगली. मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा त्याहून दूर आणि वडीलधारी माणसे तिकडे, ही स्थिती अनेक औद्योगिक नगरांची आहे. अशा घरी वाढदिवसाला वा विवाहाच्या पन्नासाव्या वर्षदिनी दारात गुच्छ येतो, तेव्हा तो मुलाची जागा भरून काढीत नाही. पण त्या दिवसाची आठवण ठेवल्याची साक्ष देतो. आणि ही साक्ष कशी उतरावी, हे पुष्कळसे मोहन नगरातल्या फुलवाल्याच्या हाती असते. चित्रात दाखविलेले फूल त्या दिवशी बाजारात नसेल, तर कोणते घालावे. दुपारच्या उन्हात गुच्छ केव्हा न्यावा. घरी कोणी नसल्यास कोणापाशी ठेवावा. हे निर्णय तो घेतो. पाठविणाऱ्याला त्याचे नावही माहीत नसते.

येथेच या पद्धतीतील उणीव दिसते. पेशव्यांच्या दरबारात फुलांची गादी रचणारा कारागीर ओळखीचा होता. त्याच्या कसबाला इनाम मिळाले आणि ते आडनाव होऊन राहिले. आजच्या साखळीत मागणी घेणाऱ्याचे नाव मोठे होते, बांधणाऱ्याचे झाकले जाते, आणि पिकविणारा तर अधिकच दूर राहतो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा लग्ने आणि देवळे एकदम बंद पडली आणि उभ्या फुलांवर नांगर फिरविण्याची पाळी शेतकऱ्यांवर आली. फुलाला साठवण नाही, त्यामुळे त्याच्या उत्पादकाला वाट पाहण्याची सोय नाही.

दुसरा प्रश्न खर्चाचा, म्हणजे जोतीरावांनी १८८० साली विचारला तोच. २०१७ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने पंतप्रधानांच्या दौऱ्यांत गुच्छाऐवजी एखादे फूल, खादीचा रुमाल किंवा पुस्तक द्यावे, असे सुचविले. २०२१ साली कर्नाटक शासनाने सरकारी समारंभांतून हार आणि गुच्छ वर्ज्य केले. सरकारी तिजोरीतून होणाऱ्या निरर्थक उपचाराला आळा बसावा, हे योग्यच आहे. अधिकाऱ्याच्या मेजावर तासाभरात विसरला जाणारा गुच्छ कोणाच्याच प्रेमाची खूण नसतो. परंतु समारंभातील गुच्छ आणि घरी पाठविलेला गुच्छ यांना एकाच तराजूत तोलणे न्यायाचे होणार नाही. पहिल्यात पदाला नमस्कार असतो, दुसऱ्यात माणसाची आठवण असते.

हार अद्याप मागे पडलेला नाही आणि पडण्याचे कारणही नाही. देवाला, वधूवरांना आणि अखेरच्या निरोपाला मराठी घरात हारच लागतो. कारण त्या वेळी तेथे जाणेच आवश्यक असते. जेथे जाणे साधत नाही, तेथे गुच्छ जातो. दोघांनी आपापले काम वाटून घेतले आहे, आणि दोन्हींच्या मागे हात एकाच व्यावसायिकाचे आहेत. दूरच्या घरी फुले पाठविणाऱ्याने मागणी नोंदविताना फुलांच्या संख्येबरोबर बांधणाऱ्या दुकानाचे नावही विचारून घ्यावे आणि फुले पोचल्यावर त्याला पोचपावतीचे दोन शब्द कळवावेत. गोऱ्ह्यांचे फुले झाले, ते त्यांच्या हातातील कसब कोणीतरी पाहिले म्हणून. फूल आपल्या वतीने दुसऱ्याच्या हातून दिले जात असेल, तर त्या हाताची ओळख ठेवणे हाही त्या भेटीचाच भाग समजला पाहिजे.